नाव हार्ट, आयुष्य फुप्फुसांत

ओसरीवरचा
शनिवार, रात्री ९.४०

करारांच्या अर्थशास्त्राबद्दल २०१६ साली नोबेल मिळालेल्या ऑलिव्हर हार्ट यांच्याविषयी काहीतरी शोधत होतो. शोधता शोधता त्यांच्या वडिलांपाशी जाऊन अडकलो आणि मुलगा बाजूलाच राहिला. गेले तीन आठवडे वडीलच वाचतोय.

फिलिप डार्सी हार्ट. जन्म २५ जून १९००, मृत्यू ३० जुलै २००६. एकशे सहा वर्षं. पेशानं छातीच्या रोगांचे डॉक्टर. हार्ट आडनावाच्या माणसानं सगळा जन्म फुप्फुसांत घालवावा, हा विनोद त्यांना किती वेळा ऐकावा लागला असेल देव जाणे. मी शीर्षकात एकदा करून मोकळा झालो.

क्षयाच्या गोष्टीत आपल्याला दोन नावं ठाऊक असतात: जंतू शोधणारा कॉख आणि स्ट्रेप्टोमायसिनवाला वॅक्समन. (ते स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली प्रत्यक्ष हातानं वेगळं काढलं अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्यानं, आणि १९५२ चं नोबेल मिळालं एकट्या वॅक्समनला. त्यावर वेगळा धागा काढा, इथे भांडू नका.) पण औषध सापडणं वेगळं आणि ते गुण देतं हे खात्रीनं कळणं वेगळं. हार्ट या दुसऱ्या कामातले.

घरचं सगळं उत्तम. आजोबा सॅम्युएल मॉन्टेग्यू, म्हणजे लंडनचे बडे बँकर लॉर्ड स्वेदलिंग. शिक्षण केंब्रिजला, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल, आणि तिथेच कन्सल्टंट. असा जम बसलेला माणूस १९३७ साली ते सगळं सोडून ब्रिटनच्या सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलमध्ये पूर्णवेळ संशोधनाला गेला. विचारांनी ते समाजवादी होते. पहिलं मोठं काम हाती आलं ते दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींचं.

तिथला पेच असा होता. खडकातल्या सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात हे कायद्याला मान्य होतं. त्यामुळे नुकसानभरपाई हवी तर आपण खडक फोडत होतो हे दाखवावं लागे. पण धाप लागून घरी बसलेल्यांत कितीतरी जण फक्त कोळसाच काढणारे होते. कोळशाची धूळ निरुपद्रवी असते, उलट ती क्षयापासून वाचवते, असं मानणारे डॉक्टरही तेव्हा होते. हार्ट आणि त्यांचे क्ष-किरणतज्ज्ञ सहकारी एडवर्ड ॲस्लेट यांनी खाणींतल्या माणसांचे सरसकट फोटो काढले आणि कोण नेमकं काय काम करतो, कोळसा कुठल्या जातीचा, अशी वर्गवारी लावली. अँथ्रासाइटच्या, म्हणजे सगळ्यात कडक कोळशाच्या खाणींत रोग जास्त निघाला. खरी मेख निघाली ती बंदरावर. जहाजाच्या पोटात कोळसा पसरून सारखा करणारे मजूर खाणीत कधी उतरलेच नव्हते. खडकाशी त्यांचा संबंध शून्य, तरी फुप्फुसं तशीच. मग खडकाचा बहाणा चालेना. १९४३ मध्ये भरपाईची व्याख्या रुंद करून 'कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस', म्हणजे धुळीनं होणारा फुप्फुसांचा रोग, त्यात आला.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रोगाचा दाखला मिळाला की त्या माणसाला खाणीतून बाहेर काढत. ज्या खोऱ्यात खाणीशिवाय दुसरं काम नाही तिथे याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

मग युद्ध. पेनिसिलिनच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, पॅट्युलिन नावाचं आणखी एक बुरशीजन्य द्रव्य सर्दीवर अक्सीर असल्याचं प्रसिद्ध झालं. मेडिकल रिसर्च कौन्सिलनं त्याची चाचणी घ्यायचं ठरवलं आणि काम हार्टकडे दिलं. कारखान्यांतले आणि कचेऱ्यांतले हजाराहून जास्त सर्दीवाले. बाटल्यांवर चार वेगवेगळी अक्षरं: दोन अक्षरांत पॅट्युलिन, दोन अक्षरांत नुसतं द्रावण. देणाऱ्याला कळू नये, घेणाऱ्यालाही कळू नये. निकाल १९४४ मध्ये आला: पॅट्युलिनचा काडीचा उपयोग नाही. सर्दी आपली आपण जाते, आणि जाताना हाताशी जे औषध असेल त्याला श्रेय देऊन जाते.

हे लक्षात ठेवा, कारण फुप्फुसाचा क्षयही तसाच लहरी. कुणी नुसत्या विश्रांतीवर उठून बसायचा, कुणी सहा महिन्यांत जायचा. अशा रोगावर कुठलंही औषध 'लागू' पडतं. सॅनोक्रायसिन नावाचा सोन्याचा क्षार १९२०च्या दशकापासून वर्षानुवर्षं रोग्यांना टोचला गेला, मोठमोठ्या डॉक्टरांनी टोचला, आणि त्यानं अपायच जास्त केला.

तर १९४६. ब्रिटनकडे डॉलरचा खडखडाट. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत बनणार आणि वाट्याला येणार मूठभर. पहिला वाटा ठेवला मेंदूच्या आवरणाच्या क्षयासाठी आणि अंगभर पसरणाऱ्या मिलिअरी क्षयासाठी. त्यातून कुणी उठतच नसे, त्यामुळे एक जरी जगला तरी औषधाचा गुण उघड होता. तुलनेला दुसरा गट नको होता. फुप्फुसाच्या क्षयासाठी जे उरलं ते सगळ्यांना पुरणारं नव्हतंच. मग समिती बसली: सचिव हार्ट, रुग्णालयारुग्णालयांत सगळं जुळवून आणणारे मार्क डॅनियल्स, आकड्यांची बाजू ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. त्यांनी असं ठरवलं की औषध कुणाला द्यायचं हे कुणीच ठरवायचं नाही.

रोगी निवडले ते एकाच तऱ्हेचे: तरुण, दोन्ही फुप्फुसांत वेगानं पसरणारा ताजा क्षय, थुंकीत जंतू सापडलेले, फुप्फुस दाबून ठेवण्याच्या तेव्हाच्या उपचाराला न बसणारे. समितीनं रोगी घेतला की मगच त्याच्या क्रमांकाचं बंद पाकीट उघडायचं. आत चिठ्ठी: औषध आणि विश्रांती, किंवा नुसती विश्रांती. चिठ्ठ्यांचा क्रम हिलनी यादृच्छिक, म्हणजे कुठलाही ठरावीक क्रम नसलेल्या, आकड्यांवरून लावलेला. ५५ जणांना औषध, ५२ जणांना विश्रांती. औषध म्हणजे दर सहा तासांनी सुई, चार महिने. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याच्या सुया टोचणं त्यांनी टाळलं. पण फोटो वाचायला तीन जण वेगवेगळे बसले आणि कुठला फोटो कुठल्या गटातला हे त्यांना सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी: औषधाच्या गटातले ४ मेले, विश्रांतीच्या गटातले १४. फोटोत भरपूर सुधारणा ५१ टक्क्यांत, दुसरीकडे ८ टक्क्यांत. ३० ऑक्टोबर १९४८ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं, लेखक म्हणून नाव समितीचं. पुढे यातलं श्रेय लोकांच्या तोंडी हिलच्या नावावर राहिलं. हार्टनी त्याबद्दल कधी आदळआपट केलेली मला तरी सापडली नाही.

बोटं दुखली. बीसीजी ही क्षयावरची लस आणि पुढचं दुसऱ्या प्रतिसादात टाकतो.

---

मृण्मयी_
शनिवार, रात्री १०.१५

वाचनखूण साठवली. बंदरावरच्या मजुरांचा मुद्दा भारी आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

बिगरीतला
शनिवार, रात्री १०.३२

थांबा थांबा. सॅम्युएल मॉन्टेग्यू आजोबा? आपण शाळेत १९१९ च्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ केल्या ते भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू याच सॅम्युएलचे चिरंजीव ना? म्हणजे डॉक्टरसाहेबांचे मामा! पाच मार्कांच्या त्या टीपेचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

---

ओसरीवरचा
शनिवार, रात्री १०.४१

बरोबर पकडलंत, मामाच. आणि मी ते लिहायला विसरलो याची लाज वाटतेय.

---

तिरकस आज्जी
शनिवार, रात्री ११.०५

छान लिहिलं आहेस रे, पण मला ते ५२ जण सोडत नाहीत. ऐन विशीतली मुलं, वेगानं पसरणारा क्षय, आणि औषध त्याच शहरात, कदाचित त्याच इमारतीत. तू "कुणीच ठरवायचं नाही" असं लिहिलंस ते वाक्य ऐकायला मोठं गोड लागतं. त्या ५२ जणांना हे सांगितलं होतं का?

---

डॉ. खडीसाखर
शनिवार, रात्री ११.४८

आज्जी, नव्हतं सांगितलं. विश्रांतीच्या गटाला आपण चाचणीत आहोत हेसुद्धा माहीत नव्हतं. शोधनिबंधातच तसं स्पष्ट लिहिलंय.

मी छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे, तेव्हा थोडी बाजू मांडतो. औषध सगळ्यांना पुरणारं नव्हतं. म्हणजे ५२ काय, त्याहून कितीतरी जास्त लोकांना ते मिळणारच नव्हतं. प्रश्न एवढाच होता की मूठभर औषध वशिल्यानं वाटायचं, की असं वाटायचं की ज्यातून पुढच्यांसाठी काही कळेल. चिठ्ठी निदान वशिल्याहून बरी. शिवाय १९४६ मध्ये ते औषध गुणकारीच आहे हे 'माहीत' नव्हतं. सॅनोक्रायसिनच्या वेळीही सगळ्यांना 'माहीत' होतं. ज्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं त्यातल्या बऱ्याच जणांना आतल्या कानावर परिणाम होऊन चक्कर आणि तोल जाण्याचा त्रास झाला, हेही धरा.

---

तिरकस आज्जी
रविवार, सकाळी ७.१०

डॉक्टर, वाटप चिठ्ठीनं का केलं ते तुम्ही सांगितलंत आणि मला ते पटलं. पण न सांगण्याचं कारण त्यात कुठे आहे? औषध कमी होतं म्हणून सांगितलं नाही, हे काही जुळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालू नका.

---

डॉ. खडीसाखर
रविवार, सकाळी ८.३०

जुळत नाही, खरं आहे. तेव्हा रोग्याला सांगण्याची रीतच नव्हती, एवढंच म्हणता येतं. आज असा प्रस्ताव नैतिक समितीपुढे ठेवला तर बैठक पाच मिनिटांत आटपेल.

---

शून्यभाग
रविवार, सकाळी ९.२२

आकडेवाल्यांच्या वतीनं दोन शब्द.

या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीला 'पहिली यादृच्छिक चाचणी' म्हणायची पद्धत आहे (ओसरीवाल्यांनी म्हटलं नाही, त्याबद्दल आभार). सॅनोक्रायसिनवरच १९३१ मध्ये अमेरिकेत ॲम्बर्सन आणि मंडळींनी २४ रोग्यांचे दोन सारखे गट पाडले आणि औषध कुठल्या गटाला द्यायचं ते नाणं उडवून ठरवलं. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्याच डांग्या खोकल्याच्या लशीच्या चाचणीत यादृच्छिक वाटप १९४६ पासून सुरू झालं होतं, फक्त तिचा निकाल नंतर आला. त्याआधी 'एक इकडे, एक तिकडे' असं आलटून-पालटून वाटप करत. गणिताच्या नजरेनं त्यातही फार मोठी खोट नाही. खोट आहे ती माणसात. पुढचा रोगी कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच कळतं. समोर अत्यवस्थ पोरगा आला आणि पुढची पाळी विश्रांतीची असली, तर डॉक्टरचा हात चळतो. 'याला उद्या दाखल करू' म्हणतो. यात लबाडी नाही, चांगुलपणाच आहे, आणि म्हणून जास्त घातक.

हार्टनी स्वतः १९९९ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी, याच विषयावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छोटा लेख लिहिलाय. त्यांचंही म्हणणं साधारण हेच: यादृच्छिक आकड्यांचा मोठा फायदा क्रम लपवता येतो हा. बंद पाकीट महत्त्वाचं. नव्व्याण्णवाव्या वर्षी आमचा मेंदू पाकीट उघडण्याइतपत चालला तरी मिळवली.

---

मृण्मयी_
रविवार, सकाळी १०.०३

'चांगुलपणाच आहे, आणि म्हणून जास्त घातक' +१

---

बिगरीतला
रविवार, सकाळी १०.२०

भाबडा प्रश्न. ४ विरुद्ध १४ एवढा चोख निकाल लागला, तर मग क्षय तिथेच का नाही संपला? माझ्या माहितीत आजही लोकांना सहा महिने चार-चार गोळ्या घ्याव्या लागतात.

---

डॉ. खडीसाखर
रविवार, दुपारी १२.४५

भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. सहा महिन्यांचा निकाल सगळ्यांना पाठ असतो, पुढचा कुणी सांगत नाही. वर्षअखेर औषधाच्या गटात १२ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २४. आणि पाच वर्षांनी? ५५ पैकी ३२ गेलेले, ५२ पैकी ३५ गेलेले. फरक जवळजवळ विरघळून गेला. हे पाच वर्षांचं मोजमाप १९५४ मध्ये वॉलेस फॉक्स, इयन सदरलंड आणि डॅनियल्स यांच्या नावानं प्रसिद्ध झालं. डॅनियल्स त्याआधीच, १९५३ मध्ये, वारले होते.

कारण साधं आहे, एकदा आकडा डोळ्यांपुढे आणला की विसरता येत नाही. फुप्फुसात पोकळी झालेल्या रोग्याच्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असतात. त्यातले काही औषध पाहण्याआधीपासूनच, नुसत्या योगायोगानं, त्याला न जुमानणारे असतात. आयसोनियाझिड या नंतर आलेल्या क्षयावरच्या औषधाचं उदाहरण घेतलं तर साधारण दहा लाखांत एक. म्हणजे दहा कोटींत शंभर. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात, रोगी खाऊ लागतो, वजन वाढतं, ताप उतरतो, घरचे पेढे वाटतात. आणि ते शंभर जण रिकाम्या झालेल्या जागेत संसार मांडतात. तीन-चार महिन्यांनी खोकला परत, आणि आता त्या औषधाचा उपयोग नाही. याच चाचणीत बहुतेकांच्या थुंकीत पुढे स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जंतू सापडले होते.

दोन औषधं एकदम दिली की दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडायला दहा कोटींची पोकळी अपुरी पडते. स्वीडनच्या लेहमननी शोधलेलं पी.ए.एस. हे दुसरं औषध हाताशी होतं. हार्टच्याच तुकडीनं लगेच दुसरी चाचणी लावली: नुसतं स्ट्रेप्टोमायसिन, नुसतं पी.ए.एस., आणि दोन्ही मिळून. १९५० मध्ये निकाल आला आणि जोडीनं दिल्यावर बंडखोर जंतू फारच कमी झाले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, मग तीन औषधांची जुळणी. आम्ही रोग्याला 'एकही गोळी वगळू नका' म्हणून डोकं खातो त्याचं मूळ इथे आहे. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात, आणि त्या वेळी त्यांना बरं वाटतंय हे शंभर टक्के खरं असतं. समजावणं अवघड जातं ते म्हणूनच. तक्रार करणाऱ्याला समजावता येतं. 'डॉक्टर, मी ठणठणीत आहे' म्हणणाऱ्याला काय सांगणार?

---

ओसरीवरचा
रविवार, रात्री ८.५५

डॉक्टर, तुम्ही माझ्या दुसऱ्या भागातला मधला तुकडा माझ्याहून चांगला लिहिलात. मी पुढे जातो.

१९४८ ते १९६५ हार्ट मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या क्षय-संशोधन तुकडीचे प्रमुख होते. त्यातलं मोठं काम बीसीजीचं. लस १९२१ पासून वापरात होती, पण ब्रिटिश डॉक्टरांचा तिच्यावर भरवसा नव्हता. १९५० पासून लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरच्या परिसरातली, शाळा सोडायला आलेली १४-१५ वर्षांची ५० हजारांवर मुलं त्यांनी चाचणीत घेतली. ज्यांची ट्युबरक्युलिन तपासणी (क्षयाची लागण आधी झालीय का हे पाहणारी) कोरी आली त्यांचे गट पाडले: कुणाला बीसीजी, कुणाला व्होल नावाच्या रानउंदराच्या क्षयजंतूपासून केलेली लस, कुणाला काहीच नाही. १९५६ च्या पहिल्या अहवालात बीसीजीनं पाचातले चार क्षय टळल्याचं दिसलं. ब्रिटनमधल्या शाळांतली ही टोचणी पुढे २००५ पर्यंत चालली.

आता आपली बाजू. तीच लस घेऊन तमिळनाडूतल्या चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर चाचणी झाली. १९७९ मध्ये पहिला निकाल आला तो असा की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळजवळ शून्य. का? मातीपाण्यातले क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद इथल्या लोकांच्या शरीराशी आधीच ओळख करून बसलेले असतात, लशीला नवीन काही शिकवायला उरत नाही, हे सगळ्यात जास्त मांडलं जाणारं स्पष्टीकरण. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि मिलिअरी क्षयापासून ती वाचवते, म्हणून आपल्या दंडावर तो व्रण आहे आणि असावा. पण एका देशातला 'पाचातले चार' दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाही, हे त्या दोन चाचण्या शेजारी ठेवल्यावर कळतं.

एक धागा तर थेट मद्रासला जातो. डॉक्टरांनी उल्लेख केलेले वॉलेस फॉक्स हार्टच्या तुकडीतले. १९५६ मध्ये ते मद्रासला नव्या क्षय-केंद्राचे प्रमुख म्हणून आले. १९३ गरीब रोगी घेतले. अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे घरी, औषधं दोघांना सारखीच. घर म्हणजे दाटीवाटीची खोली, जेवण बेताचं, विश्रांती नावापुरती. सगळे मानून चालले होते की घरचे हरणार. १९५९ मध्ये निकाल लागला: दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांनाही जास्त लागण झाली नाही. हवा, डोंगर, दूध-अंडी, वर्षभर खाट, या सगळ्याचा औषधापुढे निकाल लागला. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडायला यानं मोठा हातभार लावला. १९६५ मध्ये हार्ट निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी फॉक्सच बसले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पासष्ट वर्षं वय, नाव झालेलं. हा माणूस लंडनमधल्या मिल हिलच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत एका टेबलाशी जाऊन बसला आणि पेशीशास्त्र शिकू लागला! प्रश्न होता: शरीरातली भक्षक पेशी जंतू गिळते, गिळलेला जंतू एका पिशवीत जातो, त्या पिशवीला पाचकरसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू पचतो. मग क्षयाचा जंतू का पचत नाही? आर्मस्ट्राँग या सहकाऱ्याबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९७१ मध्ये त्यांनी दाखवलं की आत जिवंत क्षयजंतू असला की या दोन पिशव्या एकमेकींना मिळतच नाहीत. मेलेला जंतू असला की बिनबोभाट मिळतात. म्हणजे जंतू आतून दार लावून बसतो.

आणि १९७५ चा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. त्यांनी जंतूंना आधी प्रतिपिंडांचा लेप दिला. आता पिशव्या मिळू लागल्या, पाचकरस आत गेले. सिद्धान्त खरा असेल तर जंतू मरायला हवा होता. मेला नाही. मजेत राहिला. स्वतःच्या चार वर्षांपूर्वीच्या देखण्या शोधाला स्वतःच भोक पाडून त्यांनी ते छापलं. पॅट्युलिनच्या चार अक्षरांपासून इथपर्यंत माणूस एकच गोष्ट करत आलाय असं मला वाटतं: आपलं म्हणणं चुकीचं असेल तर ते आपल्याला कळलंच पाहिजे, अशी सोय आधी करून ठेवायची आणि मग कामाला लागायचं.

---

शून्यभाग
रविवार, रात्री ९.३०

शेवटच्या वाक्याशी सहमत, पण एक भर. ही सोय त्यांनी केली ती स्वतःवर अविश्वास होता म्हणून, दुसऱ्यांवर नव्हे. वेल्समधल्या कामात त्यांची सहानुभूती उघड कामगारांकडे होती. अशा माणसाला फोटोत रोग 'दिसू' लागण्याचा धोका जास्त. बंदरावरचे मजूर तपासणं हा तिथला बंद पाकिटाचा अवतार समजा.

---

बिगरीतला
रविवार, रात्री ९.४४

मग जंतू जगतो कसा, ते कळलं का पुढे?

---

डॉ. खडीसाखर
रविवार, रात्री १०.२०

तुकड्यातुकड्यानं. पिशवीतलं आम्ल वाढू देत नाही हे कळलंय, पिशवीचा पडदा फाडून पेशीतल्या द्रवात उतरतो हेही. जाड मेणचट आवरण तर आहेच. म्हणजे दार लावणं ही त्याची एक युक्ती होती, एकुलती एक नव्हे. हार्टना १९७५ मध्ये जे दिसलं ते यात नीट बसतं.

अवांतर: आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना १९७१ चा निबंध माहीत असतो. १९७५ चा एकानंही वाचलेला नसतो.

---

मृण्मयी_
रविवार, रात्री १०.३१

खाणीतल्या लोकांचं पुढे काय झालं? दाखला मिळाला की काम गेलं, तिथे तुम्ही सोडून दिलंत.

---

ओसरीवरचा
रविवार, रात्री ११.१०

त्याच अडचणीतून १९४५ मध्ये कार्डिफजवळ न्यूमोकोनिओसिससाठी वेगळी संशोधन तुकडी निघाली, प्रमुख चार्ल्स फ्लेचर. किती धूळ किती वर्षं खाल्ली तर किती रोग होतो, म्हणजे कुणाला कमी धुळीच्या जागी काम देता येईल, हे मोजायला ते बसले. वैद्यकात पुराव्याचा आग्रह धरणारे म्हणून नावाजलेले आर्ची कॉक्रन तिथलेच. कामावरून घालवण्यापेक्षा धूळ कमी करा, ही दिशा तिथून पुढे पक्की होत गेली. तो खरं तर वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे, वेळ मिळाला की लिहीन.

---

तिरकस आज्जी
सोमवार, सकाळी ६.५०

लिही.

मी काल रात्री डॉक्टरांचे आकडे घेऊन बसले होते. ५५ मधून ३२ वजा केले की २३. ५२ मधून ३५ वजा केले की १७. म्हणजे पाच वर्षांनी १०७ मधली ४० माणसं हयात होती. पाच वर्षं म्हणजे १९५२ च्या आसपास, त्याच वर्षी तुमचं ते आयसोनियाझिड आलं. विश्रांतीच्या गटातले सतरा जण तिथवर टिकले. हार्ट एकशे सहा वर्षं जगले, तसं त्यातलंही कुणी नव्वदी गाठली असेल, आणि नातवंडांना सांगत असेल की विशीत मला क्षय झाला होता, रुग्णालयात नुसतं पडून राहिले आणि बरी झाले.